नळीवरचे नाव आणि बंदुकीचा कारागीर : बालाघाट परिसरातील शिकारी शस्त्रांच्या संदर्भात

बालाघाट जिल्हा १८६७ साली भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून निर्माण करण्यात आला. त्यापूर्वीच्या फारसी किंवा मोडी कागदात ‘बालाघाट’ हा शब्द आढळला, तर तो बहुधा या जिल्ह्याचा नसतो. वऱ्हाडचे पायनघाट आणि बालाघाट असे दोन भाग मानले जात, कर्नाटकातही तशीच विभागणी होती. घाटावरचा प्रदेश एवढाच त्या शब्दाचा अर्थ आहे. एखाद्या शस्त्राच्या जुन्या नोंदीत हा शब्द दिसताच ते शस्त्र वैनगंगेच्या खोऱ्यातले ठरवणे किती धोक्याचे आहे, हे यावरून लक्षात येईल. शस्त्रावरची अक्षरे वाचताना असे चकवे पावलोपावली लागतात. प्रस्तुत लेखाचा विषय त्यांतीलच सर्वात मोठा चकवा आहे. बंदुकीवर सोन्याने किंवा चांदीने लिहिलेले नाव तिच्या कारागिराचे असते, असे आपण गृहीत धरतो.

हा प्रश्न बालाघाटच्या संदर्भात घेण्याचे कारण उघड आहे. वैनगंगेकाठचा भाताचा सखल मुलूख आणि त्याच्या वरचे बैहरचे पठार, बंजर आणि हालोन नद्यांची खोरी, सालाची आणि बांबूची राने हा सारा प्रदेश एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून शिकारीसाठी प्रसिद्ध झाला. आज त्याचा काही भाग कान्हा राष्ट्रीय उद्यानात मोडतो. १९३३ मध्ये येथे अभयारण्य आणि १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे पर्वच संपले. बंदुका मात्र राहिल्या. जंगल खात्याचे अधिकारी, जमीनदार, मालगुजार, वकील, कंत्राटदार यांच्याकडून त्या पुढच्या पिढीकडे आल्या. १९५६ पर्यंत बालाघाट आणि नागपूर एकाच प्रांतात होते. त्यामुळे या बंदुकांची कुळकथा विदर्भातील बंदुकांच्या कुळकथेहून वेगळी काढता येत नाही.

विलायती बंदुकीवरची नावे

मध्य प्रांतातील शिकाऱ्याकडे चांगली बंदूक येण्याचे दोन मुख्य मार्ग होते. एक कलकत्त्याचा, दुसरा मुंबईचा. कलकत्त्यात मँटन, रॉडा, लायन अँड लायन, वॉल्टर लॉक ही दुकाने नावाजलेली होती. मुंबईत आर्मी अँड नेव्ही सोसायटीची शाखा होती. काळा घोडा भागातील तिची इमारत आजही त्याच नावाने ओळखली जाते. या दुकानांतून विकत घेतलेल्या दुनळी रायफलीच्या दोन नळ्यांमधील पट्टीवर दुकानाचे नाव व पत्ता सुंदर अक्षरांत कोरलेला असे. वारसांना तेच नाव वाचता येते आणि घरात ‘आजोबांची रॉडा’, ‘काकांची मँटन’ असे बोलणे रूढ होते.

परंतु अशा बहुतेक बंदुका कलकत्त्यात घडलेल्या नव्हत्या. त्या बर्मिंगहॅममध्ये बनत. दुकानदार मागणी पाठवी, तिकडून माल तयार होऊन येई आणि नाव दुकानदाराचे घातले जाई. रॉडा कंपनीचे नाव आपल्याकडे अधिक प्रसिद्ध झाले ते शिकारीमुळे नव्हे, तर २६ ऑगस्ट १९१४ च्या घटनेमुळे. त्या दिवशी बंगालच्या क्रांतिकारकांनी या कंपनीचा माल वाटेतून पळविला. त्यात ५० माउझर पिस्तुले आणि ४६ हजार काडतुसे होती. तीही पिस्तुले रॉडाने बनवलेली नव्हती, जर्मनीतून आलेली होती. कंपनी व्यापारी होती, हे त्या प्रसंगातूनही दिसते.

हा प्रकार फक्त वसाहतीतल्या दुकानांपुरता नव्हता. लंडनमधील हॉलंड अँड हॉलंडसारख्या थोर पेढीच्या एकोणिसाव्या शतकातील पुष्कळ बंदुका बर्मिंगहॅमच्या डब्ल्यू. अँड सी. स्कॉट यांच्याकडून बनून येत. हॉलंडने हॅरो रोडवर स्वतःचा कारखाना उभारला तो १८९८ मध्ये. आर्मी अँड नेव्हीच्या बऱ्याच बंदुका वेब्ली यांच्याकडच्या असत. म्हणजे ग्राहक कलकत्त्याचे नाव सोडून लंडनच्या नावाकडे वळला, तरी कारागिराच्या जवळ जातोच असे नाही.

आणि बर्मिंगहॅमचे नाव सापडले तरी शोध संपत नाही. तेथील बंदूकवाल्यांच्या वस्तीत एकच माणूस संपूर्ण बंदूक घडवीत नसे. नळी जोडणारा वेगळा, ती आतून कोरणारा वेगळा, बाहेरून घासणारा वेगळा. कळ बनवणारे बहुधा शेजारच्या वुल्व्हरहॅम्प्टन आणि डार्लस्टन येथले. लाकूड बसवणारा, पेच करणारा, नक्षी काढणारा, नळीला रंग देणारा हे सगळे निरनिराळे. अर्धवट बंदूक या गल्लीतून त्या गल्लीत, एका कामठ्यातून दुसऱ्या कामठ्यात फिरत असे. नळीचे लोखंड तर कधी बेल्जियममधील लीजच्या परिसरातून येई. तेथील मुरडीच्या नळ्यांना मोठा बाजार होता. ज्याला आपण ‘इंग्लिश बंदूक’ म्हणतो, तिच्यात अशी डझनभर माणसे आणि दोन देश असू शकतात.

या माणसांची नावे पट्टीवर नसतात, पण ती सर्वस्वी पुसलेलीही नसतात. नळीखालचा लाकडी तुकडा काढून नळ्या उलट्या केल्या की तेथे लहान लहान ठसे दिसतात. त्यांत काही सरकारी परीक्षेचे असतात. लंडनच्या बंदूककारांच्या मंडळाला १६३७ मध्ये सनद मिळाली, बर्मिंगहॅमला परीक्षागृह १८१३ मध्ये मिळाले. बर्मिंगहॅमच्या जुन्या ठशात मुकुटाखाली आडवेतिडवे राजदंड आणि अक्षरे आहेत. १९०४ मध्ये ती पद्धत बदलून मुकुटाखाली बीव्ही, बीपी, एनपी अशी अक्षरे आली. म्हणजे निव्वळ ठशाचा प्रकार पाहून बंदूक १९०४ च्या आधीची की नंतरची आणि परीक्षा लंडनला झाली की बर्मिंगहॅमला, हे सांगता येते. पट्टीवर कलकत्ता आणि नळीखाली बर्मिंगहॅमचा ठसा असला, तर परीक्षा कुठे झाली याबद्दल वादाला जागा राहत नाही आणि कारागीरही बहुधा त्याच परिसरात शोधावा लागतो.

सरकारी ठशांच्या शेजारी कित्येकदा एक-दोन अक्षरे असतात. ती नळी बनवणाऱ्याची किंवा जोडणाऱ्याची आद्याक्षरे होत. कळीच्या आतल्या बाजूला कळ बनवणाऱ्याची खूण सापडते. वुल्व्हरहॅम्प्टनच्या जोसेफ ब्रेझियर यांच्या घराण्याची खूण अशीच आत, घोड्याच्या मागे दडलेली असते, आणि बाहेर मात्र दुसऱ्याच कुणाचे नाव झळकत असते. ही अक्षरे ग्राहकासाठी नव्हती. कामाचे पैसे कोणाला द्यायचे आणि दोष निघाल्यास कोणाला बोलवायचे, यासाठी ती होती. कारागिराची ओळख टिकली ती मजुरीच्या हिशोबामुळे, त्याच्या गौरवासाठी नव्हे.

नक्षीदार मात्र खूणही ठेवीत नसे. त्याला ओळखायचे ते हातावरून, जसे खुशनवीसाला आपण अक्षराच्या वळणावरून ओळखतो. लंडनचे हॅरी केल यांनी अनेक पेढ्यांच्या बंदुकांवर नक्षी केली. त्यांच्याकडे शिकलेल्या केन हंट यांच्या काळात नक्षीदाराने सही करण्याची प्रथा प्रतिष्ठित झाली. त्याआधीच्या पिढ्यांची पाने, फुले आणि वाघ-हरणे निनावीच राहिली.

काळ ठरवण्यास आणखी एक खूण उपयोगी पडते, ती भारतापुरती. १९०७ च्या सुमारास .४५० बोअरच्या रायफली भारतात आणण्यावर बंदी आली. ती काडतुसे बंडखोरांच्या हाती असलेल्या जुन्या लष्करी बंदुकांना चालतील, अशी सरकारला भीती होती. परिणामी इंग्लंडच्या कारखानदारांनी .४६५, .४७० असे नवे आकार काढले. एखाद्या मोठ्या रायफलीवर यांपैकी आकडा असेल, तर ती या बंदीनंतरच्या काळातील समजावी. आपल्या देशातील राजकीय धास्तीची नोंद अशी एका आकड्याच्या रूपाने थेट नळीवर उमटली आहे.

कॉर्बेट आणि फोर्सिथ

सर्वांच्या परिचयाचे उदाहरण जिम कॉर्बेट यांच्या रायफलीचे आहे. कॉर्बेट कुमाऊँचे, बालाघाटशी त्यांचा संबंध नाही. परंतु त्यांच्या रायफलीइतकी माहितीची दुसरी शिकारी रायफल भारतात नाही, म्हणून ती येथे घेतली आहे. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनी त्यांना ही .२७५ बोअरची रिग्बी रायफल भेट दिली. दस्त्यावर चांदीची पट्टी आहे. तिच्यावर देणाऱ्याचे नाव आहे, घेणाऱ्याचे आहे, गावाचे आणि १९०७ या सालाचे आहे. नळीवर रिग्बी हे पेढीचे नाव आहे. रायफलीचा गाभा म्हणजे काडतूस घेणारी आणि सोडणारी पोलादी यंत्रणा, ती जर्मनीतील ओबर्नडॉर्फ येथील माउझर कारखान्याची आहे. कॉर्बेट १९५५ मध्ये केनियात वारले. पुढे ही रायफल त्यांचे प्रकाशक ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस यांच्याकडे राहिली. नंतर ती रिग्बी कंपनीने मिळवली आणि २०१६ मध्ये भारतात आणून दाखवली. तिला पाहण्यासाठी गर्दी झाली. एका रायफलीवर गव्हर्नर, शिकारी, वाघीण आणि पेढी यांना जागा मिळाली. ज्यांनी नळी ओढली, लाकूड बसवले, नेम जुळवला, ते त्या पट्टीवर नाहीत.

पेढ्यांच्या वह्या मात्र बोलतात. रिग्बी, हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स यांसारख्या पेढ्यांनी क्रमांकवार नोंदी ठेवल्या. क्रमांक कळला तर तारीख, बोअर आणि पहिला ग्राहक कळू शकतो. पण या विक्रीच्या वह्या आहेत, त्यांची नजर ग्राहकाकडे आहे. पहिला ग्राहक बहुधा दुकानदारच असतो, त्यामुळे वहीतही पुन्हा ‘मँटन, कलकत्ता’ भेटतात.

मध्य प्रांताचे खास उदाहरण कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांचे आहे. सातपुडा, पचमढी आणि नर्मदेच्या उगमाकडील सालवने त्यांनी पालथी घातली. त्यांचे ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हे पुस्तक १८७१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. बालाघाट, मंडला या टापूंवरील इंग्रजी लेखनात ते आजही उद्धृत केले जाते. त्याआधी त्यांनी शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्यांवर एक स्वतंत्र पुस्तक लिहिले होते. गोल गोळी, दारूचा भरपूर बार आणि नळीतल्या खाचांचा अतिशय सावकाश वळसा, आठ फुटांहून अधिक लांबीत एकच फेरा, असा त्यांचा आग्रह होता. दाट जंगलात थोड्या अंतरावर मोठे जनावर समोर येते तेव्हा गोळी सरळ आणि वेगाने जावी, हा त्यामागचा अनुभव होता. हा अनुभव सातपुड्याच्या रानाचा होता. या पद्धतीच्या खाचा असलेल्या रायफली पुढे फोर्सिथच्या नावाने ओळखल्या गेल्या. येथे तिसरेच नाव पुढे येते. ते विक्रेत्याचे नाही, कारागिराचेही नाही, तर ज्याच्या सांगण्यावरून बंदूक घडली त्या माणसाचे आहे.

यातही एक चकवा आहे. जुन्या बंदुकीच्या कळीवर ‘फोर्सिथ’ असे कोरलेले सापडले, तर ते या कॅप्टनचे नव्हे. ते रेव्हरंड अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाचे असते. आघाताने पेटणाऱ्या दारूचा शोध त्यांचा असून १८०७ मध्ये त्यांना त्याचे पेटंट मिळाले. त्यांच्या नावाची कंपनी लंडनमध्ये होती. एक फोर्सिथ कळीचे, दुसरे नळीचे आणि दोघांत अर्ध्या शतकाचे अंतर आहे.

‘अमल’ या शब्दाचा अर्थ

विलायती बंदुकीच्या या अनामिकतेशेजारी आपल्याकडची जुनी परंपरा ठेवून पाहिली तर चित्र वेगळे दिसते. अबुल फजल यांच्या ‘आईन-ए-अकबरी’मध्ये बादशाही बंदुकांच्या कारखान्याचे तपशीलवार वर्णन आहे. पूर्वी लोखंडाचा पत्रा वळवून त्याच्या कडा जोडीत. अकबराच्या कारखान्यात पत्रा तिरपा गुंडाळून, घडीवर घडी येईल असा जोडू लागले. त्यामुळे नळी फुटेनाशी झाली. तयार नळीत एक तृतीयांश दारू भरून बार काढून पाहत आणि नळी टिकली तरच पुढचे काम होई. लंडनच्या मंडळाला सनद मिळण्याच्या सुमारे चार दशके आधीचे हे वर्णन आहे. बंदुकीची परीक्षा ही विलायतेकडून आलेली कल्पना, असे समजणाऱ्यांनी हे प्रकरण अवश्य वाचावे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग पुढे आहे. बंदुकीवर काय कोरायचे, हे या कारखान्यात ठरलेले होते. कच्च्या लोखंडाचे वजन, तयार लोखंडाचे वजन, लोखंड कोठून आणले ते ठिकाण, कारागिराचे नाव, बंदूक बनवल्याचे ठिकाण, तारीख आणि क्रमांक. बर्मिंगहॅमच्या बंदुकीवर जी माहिती लाकडाखाली लपलेली असते, किंवा मुळीच नसते, ती येथे नियमाने नोंदली जात होती. उस्ताद कबीर आणि हुसैन हे दोन बंदूककार तर ग्रंथातच नावानिशी आले आहेत.

अर्थात या चित्रालाही मर्यादा आहेत. अकबराच्या खास बंदुकीचे नाव ‘संग्राम’. चित्तोडच्या वेढ्यात १५६८ मध्ये जयमल राठोड याच बंदुकीने पडला, असे दरबारी इतिहास सांगतो. तिने मारलेल्या जनावरांचा हिशोब ‘आईन’मध्ये आहे, १०१९. बंदुकीला नाव मिळाले आणि शिकारीला आकडा मिळाला. पण त्या प्रसिद्ध नोंदीत तिच्या उस्तादाला जागा मिळाली नाही. नियम कारखान्याचा होता. कीर्ती मात्र तेव्हाही बंदूक चालवणाऱ्याची होती.

पुढच्या काळातील फारसी लेखांत कारागिराची ओळख ‘अमल’ या शब्दाने पटते. ‘अमल-ए अमुक’ म्हणजे अमुक याचे काम. ‘फर्माइश’ हा शब्द असेल तर पुढचे नाव ज्याने बंदूक करवून घेतली त्याचे, ‘सरकार’ असेल तर पुढचे नाव संस्थानिकाचे किंवा संस्थेचे. मराठी आणि उर्दू दोन्ही जाणणाऱ्यास हे शब्द नवीन नाहीत, कारण मोडी दप्तरांत ते सर्रास येतात. तरीही वस्तुसंग्रहालयांच्या पाट्या करताना मालकाला कारागीर आणि कारागिराला मालक करण्याच्या चुका सहज होऊ शकतात.

श्रीरंगपट्टणची शस्त्रे या बाबतीत अभ्यासकाची शाळाच आहेत. टिपू सुलतानच्या कारखान्यातील बंदुकांवर ‘असदुल्लाह अल-गालिब’ ही अक्षरे वाघाच्या मुखाच्या आकारात गुंफलेली आढळतात. ती कारागिराची सही नव्हे, ती राज्याची मुद्रा. कारागीर वेगळा लिहिलेला असतो. असद खान मुहम्मद हे त्यांतले एक नाव. त्याच्या शिकारी बंदुका आज जगभरच्या संग्रहांत नावानिशी ओळखल्या जातात. ठिकाणाच्या जागी ‘पटन’ असते, ते श्रीरंगपट्टण होय. पाटण, पैठण किंवा पाटणा असे वाचले की सगळाच शोध भरकटतो. सनाची गंमत तर याहून मोठी आहे. टिपूने हिजरीऐवजी मौलुदी सन सुरू केला आणि त्याचे आकडे उजवीकडून डावीकडे लिहवले. फारसीत अक्षरे उजवीकडून वाचली तरी आकडे डावीकडूनच वाचतात. त्यामुळे चांगला फारसी जाणणारा माणूसही येथे फसतो, आणि १२२२ ऐवजी त्याला २२२१ सालची बंदूक सापडते!

सनाचा प्रश्न दख्खनमध्ये सर्वत्र आहे. शस्त्रावर नुसते १२०० असेल तर काय समजावे? हिजरी असेल तर इ. स. १७८५-८६. दख्खनी फसली असेल तर १७९०-९१. मराठ्यांच्या कागदांतला सुहूर सन, ज्याला मोडी लेखक अरबी शब्दांत ‘मयातैन व अलफ’ असे लिहीत, तो असेल तर १७९९-१८००. एकाच आकड्यात हिजरी सनाच्या वाचनाने सवाई माधवरावांची पेशवाई आणि सुहूरच्या वाचनाने दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई येऊ शकते. तसेच, पोलादावर कोरणारा नुक्ते गाळतो. नुक्त्याशिवाय बे, ते, नून एकसारखे दिसतात. हसन आणि हुसैन या नावांत फरक असतो तो एका शोशाचा, आणि तो शोशा शंभर वर्षांच्या घासण्यापुसण्यात गेलेला असतो. त्यामुळे ठशाची छाप कागदावर घेऊन, निरनिराळ्या उजेडात पाहून, मगच नाव ठरवावे लागते. बिकानेरच्या शस्त्रागारातील शस्त्रांवर ठिपक्यांनी कोरलेल्या देवनागरी नोंदी आहेत. त्या वाचायला सोप्या, पण त्या कोठाराच्या नोंदी आहेत, कारागिराच्या नव्हेत. सिलेखान्याने वस्तू मोजली, घडवणारा मोजला नाही.

आणि सही खरी असली तरी माणूस खरा असेलच असे नाही. ‘अमल-ए असदुल्लाह इस्फहानी’ अशी सही असलेल्या तलवारी शेकड्यांनी आहेत. त्यांचा काळ इतका पसरलेला आहे की एका माणसाने त्या घडवणे शक्य नाही. एका उस्तादाचे नाव पुढे मालाची खूण होऊन बसले. मँटनचे तेच झाले. जोसेफ मँटन लंडनमध्ये १८३५ साली वारले, पण त्यांचे नाव हिंदुस्थानच्या बाजारात नंतर कितीतरी वर्षे कोरले जात राहिले. इंग्रजी न जाणणाऱ्या कारागिराच्या हातून ते कधी उलटेसुलटेही कोरले गेले. अशी चुकलेली अक्षरे पाहून संग्राहक बंदूक बाजूला सारतात. वास्तविक त्या चुकीच्या अक्षरांतच आपला कारागीर प्रथम दिसतो. लंडनच्या कामगाराने मँटनचे नाव चुकवले नसते. म्हणजे ही बंदूक येथल्या हाताची आहे, आणि ती चालत होती, टिकली आहे, याचा अर्थ तो हात कसलेला होता.

असे हात कोठे होते, याचे एक उत्तर मुंगेर हे आहे. १७६० नंतरच्या दशकात नवाब मीर कासिमने आपली राजधानी तेथे हलवली आणि गुर्गिन खान या आर्मेनियन सेनापतीच्या देखरेखीखाली शस्त्रांचा कारखाना उभा केला. नवाबी गेली तरी कारागीर राहिले. १८२४ मध्ये तेथून गेलेल्या बिशप हेबर यांनी बंदुका विकायला आलेल्या कारागिरांचा उल्लेख केला आहे. पुढे १८७८ चा शस्त्र कायदा आला. परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे जसे गुन्हा झाले, तसेच परवान्याशिवाय ते बनवणे, विकणे, बदलणेही गुन्हा झाले. युरोपियनांना मात्र शस्त्रे बाळगण्यासाठी परवान्याची अट नव्हती. या कायद्याची चर्चा आपल्याकडे नेहमी निःशस्त्र प्रजेच्या अंगाने होते आणि ती योग्यच आहे. पण कारागिराच्या अंगाने पाहिले तर त्याने आणखी एक गोष्ट केली. ज्या देशात बंदुकीवर घडवणाऱ्याचे नाव लिहिण्याची बादशाही रीत होती, तेथे घडवणाऱ्याने आपले नाव लपवणे शहाणपणाचे ठरले. गावठी भरमार बंदुकीवर सही सापडत नाही याचे आश्चर्य वाटू नये. सही म्हणजे स्वतःविरुद्धचा पुरावा होता.

जो कारागीर उरला, तो दुरुस्तीच्या कामात उरला. बालाघाटचा पावसाळा दस्त्याच्या अक्रोडी लाकडाला सोसत नाही. मनगटापाशी लाकूड चिरते, घोड्याची कमान मोडते, पेच झिजतो. नळी बर्मिंगहॅमची असली तरी असा मोडलेला दस्ता इंग्लंडला पाठवणे सर्वांना परवडणारे नव्हते. पितळी पट्टी ठोकून सांधलेले मनगट, शिसवीचा नवा दस्ता, हाताने घासून केलेली कमान ही कामे मिस्त्री, लोहार आणि शिकलगारांनी केली. महाराष्ट्रातील शिकलगार ही तर शस्त्रांना पाणी आणि धार देणारी जमात. शंभर वर्षांच्या बंदुकीतील किती भाग मूळचा आणि किती येथला, हे पाहिले तर तिच्या कारागिरांच्या यादीत या निनावी मिस्त्रीलाही जागा द्यावी लागेल. संग्राहक अशा दुरुस्तीला दोष मानतात. इतिहासाच्या दृष्टीने ती नोंद आहे.

बैहरच्या पठारापुरते आणखी एक नाव जोडणे आवश्यक आहे, ते आगरिया जमातीचे. मैकल पर्वतराजीत मातीच्या लहान भट्ट्यांत, पायाने चालवायच्या भात्यांवर आणि कोळशावर लोखंड गाळणारे हे लोक. व्हेरियर एल्विन यांनी त्यांच्यावर ‘द आगरिया’ (१९४२) हा ग्रंथ लिहिला. लोहासुर, कोयलासुर, अग्यासुर अशी त्यांची दैवते आहेत. नांगराचे फाळ, कुऱ्हाडी, बाणांची पाती हे त्यांचे काम. जंगलाच्या कोळशावरचे निर्बंध, भट्टीवरचा कर आणि बाजारातले स्वस्त लोखंड यांनी त्यांचा धंदा मोडला. विलायती रायफल घेऊन साहेब बैहरच्या रानात उतरला, तेव्हा त्याच्याबरोबर चालणाऱ्या गोंड किंवा बैगा शिकाऱ्याच्या खांद्यावरची कुऱ्हाड आगरियाच्या भट्टीतली असे. ‘आईन’च्या यादीत लोखंडाच्या ठिकाणाचा रकाना आहे. त्या रकान्यामुळे निदान भट्टीवाल्यांचा मुलूख तरी नोंदला जात होता. नंतरच्या कोणत्याही बंदुकीवर तो रकाना दिसत नाही.

या शोधासाठी लागणारा पुरावा आता झपाट्याने कमी होत आहे. परवानाधारक वारला की शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला ठेवता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली आणि तिसरे शस्त्र वर्षभरात जमा करण्यास सांगितले. ज्या घरांत तीन बंदुका होत्या, त्यांनी कोणती सोडायची हे ठरवले. वापरात नसलेली, काडतुसे न मिळणारी, म्हणजेच सर्वात जुनी बंदूक सोडणे साहजिक होते. त्याआधी पुष्कळांनी जुन्या नळ्या नव्याने घासून काळ्या करून घेतल्या आहेत. या घासण्यात पहिले जातात ते नळीखालचे बारीक ठसे. शंभर वर्षांहून जुनी आणि ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू १९७२ च्या पुराणवस्तू कायद्याच्या व्याख्येत बसू शकते. पण त्यासाठी ती वस्तू काय आहे, हे आधी कोणीतरी वाचलेले असले पाहिजे.

हे वाचन अवघड नाही. बंदूक परवानाधारक जाणकाराकडून रिकामी असल्याची खात्री करून घ्यावी, त्याच्याकडूनच नळ्या उतरवून घ्याव्यात. मग नळीखालचे ठसे, कळीची आतली बाजू, दस्त्याच्या शेवटच्या पट्टीखालचे लाकूड आणि सर्व दुरुस्त्या यांची स्पष्ट छायाचित्रे घ्यावीत. फारसी लेख असल्यास त्याची कागदावर छाप घ्यावी आणि तो नुक्त्यांसह व नुक्त्यांशिवाय असा दोन्ही प्रकारे उतरवावा. पट्टीवरचे मोठे नाव सर्वांत शेवटी लिहावे. जमा करताना मिळणाऱ्या पावतीवर शस्त्राचे वर्णन, ओळखचिन्ह आणि क्रमांक येतो, आणि वर्णन म्हणून तेच मोठे नाव उतरवले जाते. बर्मिंगहॅमच्या दहा-बारा हातांनी घडवलेली आणि मध्य प्रांतातल्या एखाद्या मिस्त्रीने दोनदा जिवंत केलेली बंदूक मालखान्याच्या वहीत ‘रॉडा, कलकत्ता’ या नावाने दाखल होते.